देवाकडून परत घेतलेला ट्रान्झिस्टर

दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी सोनईजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. घरात चैनीची वस्तू एकच, ट्रान्झिस्टर. भिंगारला लष्करी कचेरीत कारकून असलेल्या मेहुण्यानं तो लग्नात दिला होता, आणि त्याच्याच बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, तो डोळ्यांसमोर नको असायचा. कारण संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेची आणि बातम्यांची वेळ एकच. मी तो उशीखाली ठेवून, आवाज अगदी बारीक करून, डोळे मिटून बसायचो. चेहरा भाविक, कान दिल्लीकडे.

"अहो, आत्ता मी देवाकडं काय मागितलं?" एकदा आमेन झाल्याबरोबर तिनं विचारलं.

"पाऊस," मी अंदाजानं म्हणालो.

"पाऊस परवा मागितला." त्या संध्याकाळी भाकरी जरा जोरात थापली गेली.

त्या वर्षी हंगामाच्या सणाला, म्हणजे चर्चमध्ये पिकाचं अर्पण आणायच्या दिवशी, नगरहून एक बडे उपदेशक आले. झगा एवढा लांब, की पायरी चढताना आमच्या चर्चच्या पाळकांना तो मागून उचलून धरावा लागला. 'पाप' म्हणताना ते टाचा उचलत, आणि पापं बरीच होती. शेवटी त्यांनी फर्मावलं, "तुमच्या आणि देवाच्या मध्ये जे जे उभं आहे, ते आत्ता या टेबलावर आणून सोडा!"

टेबलावर लोकांनी अर्पण केलेली बाजरीची कणसं, दोन भोपळे आणि पाय बांधलेली एक कोंबडी होती. एक म्हातारी उठली आणि तिनं मिश्रीची डबी भोपळ्याशेजारी ठेवली. मग एकानं पत्त्यांचा जोड ठेवला. माझा ट्रान्झिस्टर पिशवीत होता; उपदेश लांबला तर बातम्या चुकू नयेत, म्हणून आणलेला. पलीकडे बायकांत बसलेल्या माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं पिशवीकडे पाहिलं. असले देखावे मला तेव्हाही पटत नसत, आजही पटत नाहीत. पण मी उठलो.

उपासनेनंतर अर्पणाचा लिलाव करायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. तो पुकारायचे मंडळीतले एक पंच, घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करणारे. उपदेश चालू असताना ते बाहेर जेवणाच्या कढईपाशी होते, त्यामुळे टेबलावर पापंही आली आहेत याचा त्यांना पत्ता नव्हता. पाळक पाहुण्यांना घेऊन जेवायला गेलेले. भोपळे गेले, कोंबडी गेली, आणि पंचांनी डबी उचलली.

"ही बघा, निम्मी भरलेली हाय, पन माल लई कडक!"

लोक हसून लोटपोट. त्यांना सांगणार कोण? डबी म्हातारीच्या सुनेनं घेतली, पत्ते पत्तेवाल्याच्या भावानं. दोन्ही पापं उंबऱ्याच्या आतच राहिली.

मग ट्रान्झिस्टर वर झाला. "वैरन न्हाई, पानी न्हाई, दिसभर बोलतोय! बोला!"

माझा हात अर्धा वर गेला होता. तेवढ्यात बायकांतून आवाज आला, "दहा!"

माझीच बायको. अंडी विकून साठवलेले दहा.

"अगं बाई, घरचाच हाय की तो!" पंच म्हणाले.

"घरचा होता. आता देवाचा झाला. मी देवाकडून घेते."

"मास्तर, तुमी चढवता का?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. वर गेलेल्या हातानं मी डोकं खाजवलं. "नाही," म्हणालो, "सोडला मी."

संध्याकाळी ट्रान्झिस्टर फळीवर गप्प होता. लग्नानंतर पहिल्यांदाच मी तिची प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. भावासाठी मागून झालं, शेजारणीच्या गुडघ्यासाठी झालं, आणि मग माझ्या खोकल्यासाठी. महिनाभर मी खोकत होतो. ते कुणाच्या लक्षात आलं असेल, असं मला वाटलं नव्हतं. तिच्या बोलण्यावरून वाटलं, देवाला ही गोष्ट ती रोज सांगत असावी.

आमेन झाल्यावर मी जागचा हललो नाही. तीच उठली. "बघू तरी, काय एवढं असतं ह्यात," म्हणत तिनं ट्रान्झिस्टर लावला. बातम्या संपल्या होत्या. कुणीतरी कोंबड्यांच्या रोगांवर बोलत होतं.

"ऐक ना, तो खोकला..." मी सुरुवात केली.

"थांबा हो," ती म्हणाली, "ऐकू द्या जरा."