यादवरावांचा पाय आणि लांबलेला क्यूटी

ईसीजीचं मशीन म्हणत होतं, क्यूटी नॉर्मल. मी पट्टी लावून मोजला, तर लांब. दुसरा ईसीजी काढला. आता मशीनचाही आकडा बदलला.

टेबलवर सिहोऱ्याचे यादवराव पडले होते. धानाची शेती, वर्षानुवर्षांची बिडी. पायाची रक्तवाहिनी तुंबून अंगठा काळा पडत चालला होता. नागपूरला अँजिओप्लास्टी ठरली होती. भंडाऱ्यात माझ्याकडे ते फक्त त्याआधीच्या फिटनेस तपासणीसाठी आले होते.

"पाय दुखते मॅडम, तुमी छातीच काहून तपासून राहिल्या?"

ठोक्याचा विजेचा संदेश हृदयात पसरू लागल्यापासून हृदय पुढच्या ठोक्याला पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ म्हणजे क्यूटी. तो लांबला की मधेच एखादा चुकार ठोका पडून लय बिघडू शकते. त्यात पायाची धमनी तुंबलेल्या माणसाची हृदयाचीही तुंबलेली असू शकते. मग धोका आणखी वाढतो. पण यादवरावांच्या ईसीजीतली शेवटची लाट इतकी चपटी, की ती संपते कुठे तेच कळेना.

नागपूरच्या सर्जनना फोन केला.

"उशीर केलात तर पाय जाईल," ते म्हणाले.

"आणि वाटेत लय बिघडली तर?"

"पेशंट तुमच्यासमोर आहे. तुम्हीच ठरवा."

मला ठरवता येईना. ॲडमिट केलं, मॉनिटर लावला. रक्तात पोटॅशियम कमी निघालं. गोळ्या कोणत्या चालू आहेत, विचारलं.

"अंगठ्याच्या जखमेच्या गोळीनं उलट्या होऊन राहिल्या होत्या," त्यांच्या पत्नी सुमनबाई म्हणाल्या, "तर मेडिकलातून उलटीची गोळी आणली."

दोन्ही गोळ्या क्यूटी लांबवणाऱ्या. उलट्यांनी पोटॅशियम उतरलेलं. सापडलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे धावू लागले. यादवरावांचे डोळे फिरले. शॉकचं मशीन जवळ ओढेपर्यंत लय आपोआप परतली. लय सावरायला लगेच शिरेतून मॅग्नेशियम सुरू केलं.

"मले काय झालं जी?" त्यांनी विचारलं.



गोळ्या बंद केल्या, पोटॅशियम भरून काढलं. क्यूटी उतरला, पण पूर्ण नाही. दुसऱ्या दिवशी सोबत डॉक्टर देऊन ॲम्ब्युलन्सने नागपूरला पाठवलं. तिथे हृदयाच्या धमनीतही मोठा ब्लॉक निघाला. पायाचा आणि हृदयाचा, दोन्ही ब्लॉक उघडले. अंगठा गेला, पाय राहिला.

गोळ्या, पोटॅशियम की ब्लॉक? कोणाचा वाटा किती, ते मला अजूनही सांगता येत नाही. एक कारण सापडलं म्हणून शोधणं थांबवायचं नाही, एवढंच कळलं.