पोहण्याच्या कपड्यांचा ठराव

१४ जून २०१५, रविवार. जर्मनीतल्या येना शहराजवळच्या तळ्याकाठी मी १८० युरो कौटुंबिक वर्गणी भरली. हजर होतो मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि आमच्या घरमालकीण आजी. विवस्त्र पोहणाऱ्यांच्या त्या संस्थेच्या आजी खजिनदार होत्या, वय अठ्ठ्याहत्तर. सभासद म्हातारे होत चालल्यामुळे त्या वर्षी ठराव झाला होता की नव्या कुटुंबांनी कपडे घालून पोहायला हरकत नाही. आम्ही त्यावरच आलो.

तिसऱ्या रविवारी बायको म्हणाली, "अहो, आजी पाण्यात उतरतच नाहीत."

मी आजींना कारण विचारलं.

"कपडे घातलेल्यांसमोर मला नागडं वाटतं," आजी म्हणाल्या. "चाळीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं."

"मग दहापर्यंत तुम्ही पोहा, नंतर आम्ही येतो."

"म्हणजे माझ्याच तळ्यात मी आता वेळ घेऊन येऊ?"

मी वैतागलो. मुलीला पोहायला शिकवायचं, एवढंच मला हवं होतं, आणि त्यासाठी या बाईंचं तळं जात होतं. मी त्यांना पुन्हा दोनदा विनवलं, पण उपयोग झाला नाही.

सप्टेंबरात त्यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला. तळ्याच्या फाटकाच्या किल्लीसाठी ठेवलेले अनामतीचे २५ युरो त्यांनी खजिनदार म्हणून स्वतःलाच परत दिले आणि पावतीवर साक्षीदार म्हणून माझी सही घेतली.