नऊ लाख आणि चाळीस लाख

दहाचे घात घालून संख्या लिहायची, याचा उपयोग तरी काय, असं भाचीनं परवा गणिताचं पुस्तक आपटून विचारलं. मी पुस्तक उचलून तिच्या पुढ्यात ठेवलं. बोलायला गेले असते तर तोंडातून शिवीच निघाली असती.

दुष्काळात मी आष्टीकडच्या एका सहकारी दूध संघात दूध तपासत होते. प्रत्येक गावच्या दुधाचा नमुना उबवणीच्या पेटीत ठेवायचा, वाढलेले जंतू मोजायचे आणि आकडा तक्त्यात भरायचा. आकडे लाखांत जायचे. एखादं शून्य गळालं तर घोटाळा, म्हणून वरून पद्धतच ठरवून दिलेली: पुढे एक आकडा, गुणिले दहा, आणि दहाच्या डोक्यावर बारीक आकड्यात किती शून्यं ते.

त्या दिवसांत एका धनगर वस्तीचं दूध एक मावशी गोळा करून पाठवायची. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला, घरी ती आणि तिची एक म्हैस. संघाला दूध जातंय तोवर संघाकडून पेंड, आणि पेंड चालू तोवर म्हैस दावणीला, हे तिचं साधं गणित होतं. वस्तीवर पाणीच नव्हतं, म्हणून बायका दुधाच्या किटल्या राखेनं कोरड्या घासून भर उन्हात पालथ्या घालायच्या. शेजारच्या मोठ्या गावात, म्हणजे संघाच्या अध्यक्षांच्या गावात, टँकर यायचा. तिथं किटल्या पिंपातल्या शिळ्या, हिरव्या पाण्यानं विसळायचे आणि स्वच्छ धुतल्या म्हणायचे.

तक्ता देऊन मी आईच्या आजारपणासाठी घाटनांदूरला गेले. परत आले तर जंतू जास्त म्हणून वस्तीचं दूध आणणारी गाडी बंद. मी तडक अध्यक्षांच्या खोलीत शिरले.

"मॅडम, तुमीच लिवलंय की," ते तक्ता पुढं सरकवत म्हणाले. "वस्तीचे नऊ, आमच्या गावचे चार. नऊ लई का चार लई?"

मला आधी हसू आलं आणि मग अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "साहेब, वरचा बारीक आकडा बघा. नवावर पाच शून्यं आहेत, चारावर सहा. वस्तीचे नऊ लाख. तुमच्या गावचे चाळीस लाख."

त्यांनी कागद जवळ ओढून बारीक आकड्यांवर बोट फिरवलं. माणूस वाईट नव्हता. पंख्याकडे बघत म्हणाले, "मंग सरळ लाख म्हणून कावून लिवत न्हाई तुमी लोकं?" या प्रश्नाचा मला अजून राग येतो. त्यांनी लगेच ड्रायव्हरला बोलावून वस्तीची गाडी चालू करायला सांगितलं. त्यांच्या गावाला नुसती समज दिली, दूध काही थांबवलं नाही. मी तेव्हा तेवढ्यावरच खूश झाले. वस्तीवर निरोप मीच सांगणार म्हणून हट्टानं जीपमध्ये बसले.

मावशी बाभळीखाली बसली होती. मी घाईघाईनं सगळं सांगितलं: चूक वाचण्यात झाली, तुमचं दूध त्या गावापेक्षा कितीतरी चांगलं निघालं, उद्यापासून गाडी येईल.

"आमचं चांगलं निगालं?" तिनं विचारलं.

"हो मावशी. लई चांगलं."

तिच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. वस्तीतल्या दुसऱ्या बाईला हाक मारून तिनं तेच पुन्हा सांगितलं, आपलं चांगलं निगालं म्हणं. मग पदरानं तोंड पुसून माझ्याकडे वळली.

"गाडी येऊ द्या, ताय. बाकीच्या बाया घालतील दूध. माजी म्हैस परवाच्या बाजारात गेली."