बादलीतला तारामासा

मंडळी, आज फार अपराधी वाटतंय. काल कोकणात समुद्रावर लेकीला तारामासा सापडला. ती म्हणाली, "सोडून देऊ ना." मी म्हणालो, "अगं, आपल्या जळगावात कुणी पाहिलाय?" आणि ओल्या टॉवेलात गुंडाळून घेऊन आलो.

सकाळी जळगावला, पिंप्राळ्यात घरी पोचलो, तर शेजारच्या अक्का बघायला आल्या. "हाई जित्तं शे का?"

"छे हो अक्का, जिवंत कसलं, शिंपल्यासारखंच असतं ते," म्हणतोय तोच त्याचा एक पाय वळला.

घाईघाईने बादलीत नळाचं पाणी भरलं, मूठभर मीठ टाकलं. समुद्र तर रात्रभराच्या प्रवासाइतका लांब.

दुपारपासून तो हललेला नाही. लेक सारखी विचारतेय, "पप्पा, जिवंत आहे ना?"

तुम्ही काय सांगितलं असतं? मी हळूच पाणी ढवळतो आणि म्हणतो, "बघ, हलतोय."