आज ढग नको

डिंभ्याच्या धरणावर गेणूसारखा मासे धरणारा दुसरा न्हाई. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणायची न्हाई, आधीच मिशीला पीळ देत बसतो. मी त्याला म्हणायची, "काय रं गेण्या, आज मासे सासरी गेले वाटतं?" त्यो ट्रकच्या ट्यूबवर बसून पाण्यातनंच ओरडायचा, "मावशे, तुझ्या तोंडाला भिऊन बुडी मारली त्यांनी!"

लहानपणी ताप आला आन् त्याचे दोन्ही पाय गेले. जमिनीवर बेरिंगची चाकं लावलेला पाट, त्यावर बसून हातानं रेटत जायचा. पर धरण भरलं आन् पाण्यानं त्याला पाय दिले. ट्यूबवर पोट टेकलं की दोन्ही हातांनी असा सपासप जायचा, धडधाकट बाप्ये मागं.

तरास व्हायचा तो काठाला लागल्यावर. पाट वर कोरड्यात, आन् मधी सगळा चिखल. तेवढं त्याला कोपरांवर सरपटत यावं लागायचं. कुणी हात दिला तर शिव्या द्यायचा. मग आमच्या काठावर एक रीतच पडली. गेणूची ट्यूब टेकली की सावळेराम मोठ्यानं म्हणायचा, "आरं, भीमाशंकराकडं ढग दाटलंय का बघा." की मासे घ्यायला आलेली समदी माणसं डोंगराकडं तोंड करून उभी. भर चैतातसुदीक ढग बघायचे! मागनं गेणू हाक द्यायचा, "चला, कुणाला किती?" मग आमी वळायचो. तवर त्यो पाटावर बसून मिशी पुसत असायचा.

त्याला निराधाराचा पगार व्हता. पावसाळ्यात मासेमारी बंद, आन् उन्हाळ्यात पाणी आटलं की मासा लांब जातो. तवा त्या पगारावरच चूल. बायको सरूबाई म्हणायची, "त्यो हाय म्हणून आमच्या पोरीची, आरतीची शाळा हाय."

आता ह्या पगाराची गंमत ऐका. सरकार एकदा देऊन गप बसत न्हाई. वरसाच्या वरसाला पडताळणी. माणूस हयात हाय त्याचा दाखला आणा. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याकडनं आणा. डॉक्टरनं अपंगपणाचे टक्के लिव्हून दिलेला कागद दावा, आन् त्यो जुना झाला तर नवा आणा. आवं, कागद जुना झाला असंल, पाय नवं फुटलं का? भाताची लावणी हाय व्हय ती, दरसाल उगवाया?

त्या साली, दोन हजार चार असंल, कचेरीनं चौकशी लावली. आमचे तलाठी भाऊसाहेब सकाळच्या यष्टीनं आले. गेणू पाण्यात लांब जाळं ओढत व्हता. भाऊसाहेबांनी हात कपाळावर धरून बघितलं. "हाच का तो?" मग पंच म्हणून सावळेरामला आन् आणिक दोघांना उभं केलं.

"काम करतो का?"

सावळेराम छाती काढून म्हणतो, "लई करतो! कुणाम्होरं हात न्हाई पसरत."

"चालताना त्रास होतो? सरपटतो वगैरे?"

"आमी कदी बघितलं न्हाई बुवा."

खोटं न्हाई बोलला. खरंच कुणी बघितलं नव्हतं! भाऊसाहेब त्येच लिव्हून सह्या-अंगठे घेऊन निघाले. मी म्हटलं, "भाऊसाहेब, तासभर थांबा, त्यो काठाला येऊ द्या." तर म्हणे, "मावशी, गाडी चुकंल, दुपारपर्यंत दुसरी नाही."

यष्टीपायी माणसाचा पगार बंद झाला.

सावळेरामला मी असा झाडला, असा झाडला! "भाड्या, परक्याम्होरं गावचं नाक राखाया गेलास आन् त्याची चूल इझवलीस!" त्यो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "काकू, त्याच्याबद्दल तसलं कसं बोलायचं?" मी तशीच रागानं घरी आले आन् पिठाचा डबा आपटला.

मग सरूबाईनं फेरचौकशीचा अर्ज केला. तीन महिने घरात उधारीचं मीठ. शेवटी तलाठ्याच्या वरचे सर्कल सायेब आले, संगं भाऊसाहेब. जीप घेऊन आले, म्हणून थांबले एकदाचे.

गेणूची ट्यूब टेकली. सावळेरामच्या तोंडातनं सवयीनं निघालंच, "आरं, भीमाशंकराकडं ढग..." आन् आमच्या समद्यांच्या माना वळल्या. माझीबी.

पाण्यातनं गेणू ओरडला, "सावळेरामभाऊ, आज ढग नको. आज हिकडं बघा समदी."

वळलो. त्यो निघाला. कोपरं चिखलात रुतवून अंग ओढायचा, मागनं पाय भिजल्या दोरावानी. तोंडात चिखल गेला, थुकला, परत ओढलं. सरूबाईनं पदर तोंडाशी धरला. कुणी हाललं न्हाई.

आन् सर्कल सायेब? सायेब आपल्या बुटाकडं बघत व्हते!

माझं डोस्कंच फिरलं. "ओ सायेब, वर बघा. त्येच बघाया आलाय न्हवं? आमी इतकी वरसं मुद्दाम न बघता ऱ्हायलो, आन् तुमी बघितल्याबिगर पगार देत न्हाई म्हणून आज त्याला आमच्या म्होरं सरपटवलंत. मग नीट बघा की! पार पाटापर्यंत बघा."

भाऊसाहेब म्हणाले, "मावशी, जरा शांत..."

"तुमी गप बसा, तुमची गाडी चुकंल!"

सायबांनी बघितलं. पाटापर्यंत बघितलं. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून काय ते लिव्हलं आन् गेले. पुढल्या महिन्यात पगार सुरू झाला.

सायेब येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्यूब टेकली. सावळेराम बोलू का नको, घुटमळला. मग म्हणाला, "भीमाशंकराकडं ढग दाटलंय का बघा रं." समदी वळलो. आभाळ कोरडं ठाक. मागं चिखल वाजला, मग पाटाची चाकं वाजली. पर हाक येईना.

"गेण्या, मान आखडली की रं आमची!"

मागनं त्यो बोलला. "मावशे, पुढल्या वर्साला पडताळणीला परत येत्याल ती."

"येऊ देत," मी डोंगराकडंच बघत म्हटलं. "मासे काय भाव लावलेस ते सांग."