नॉबवरचं कुंकू

बेस गिटार हे एकट्याने वाजवायचं वाद्य नव्हे. हे कुणी वेळेवर सांगितलं असतं तर मी बासरी शिकलो असतो. बासरीवाला एकटा बसला तरी त्याचं गाणं पूर्ण होतं. बेसवाला एकटा बसला की नुसतं धुम, धुम, धुम, आणि खालच्या मजल्यावरून विचारणा होते की तुमच्याकडे कसलं काम काढलंय का.

मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये होतो आणि लग्नसराईत एका बेंजो पार्टीत बेस वाजवायचो. आमच्या पनवेल-उरणकडच्या गावांत हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. बेंजो पुढे किंचाळत असतो, कीबोर्डवाला केस उडवत असतो, सगळे व्हिडिओ त्यांचेच निघतात. मी मागे, स्पीकरच्या आडोशाला. माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे, पण मी थांबलो की नाचणाऱ्यांचे पाय अडखळायचे. बायको म्हणायची, "पायांना कळतं ना, मग झालं."

गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प मी जुनाच घेतला होता, एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून, तो धंदा गुंडाळत होता तेव्हा. काळा, पुढे कापडी जाळी, धान्याच्या कोठीसारखा जड. नवीन पनवेलला आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढवताना माझी आणि टेम्पोवाल्याची कंबर धरली. बायकोने दार उघडून पाहिलं आणि विचारलं, "हा डबा कुठं ठेवायचा?" तेव्हापासून त्याचं नाव डबाच पडलं. हॉलमध्ये टीव्हीशेजारी त्याची जागा ठरली. पाहुणे त्याच्यावर चहाचे कप ठेवायचे आणि मी ते उचलायचो.

खंडेनवमीला ती घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करायची. विळी, शिलाई मशीन, माझे पाने-पक्कड, स्कूटर, आणि डबा. डब्याला झेंडूचा हार ठीक होता. पण हळदकुंकू ती आवाजाच्या नॉबलाच लावायची. चांगलं बोट बुडवून, वर अक्षता. ते कुंकू नॉबच्या फटीतून आत उतरायचं आणि पुढे वर्षभर नॉब फिरवला की डबा खर्रर्र करायचा. मी जाम चिडायचो. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "अहो, ज्याला हात लागतो त्यालाच लावायचं असतं. मशीनच्या चाकाला लावते, विळीच्या पात्याला लावते. तुम्ही या डब्याचा कान रोज पिळता, मग त्याला नको?"

एका खंडेनवमीला मी खडू घेतला आणि डब्याच्या वरच्या लाकडावर मधोमध गोल काढून दिला. म्हटलं, इथं लाव. तिने गोलात लावलं. मग नॉबलाही लावलं.

त्यामुळे आमच्या घरात संध्याकाळचा एक शिरस्ता होता. मी ड्युटीवरून यायचो, वायर लावायचो, नॉब फिरवायचो. डबा खर्रर्र करायचा. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचो, "परत नॉबला लावलंस ना?" आतून आवाज यायचा, "वाजवा आता." मग मी वाजवायचो आणि ती नुसत्या बेसवरून गाणं ओळखायची. बहुतेक वेळा चुकायची. चुकलं तरी आपलंच गाणं पुढे रेटायची, आणि मला मुकाट्याने तिच्या गाण्यावर यावं लागायचं. आमच्या पार्टीतला बेंजोवालाही इतका हेकट नव्हता.

ती गेली त्याला आता वर्ष उलटून गेलं. तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता घर रिकामं झालं. त्या वर्षी सण नव्हता. खंडेनवमीला विळी तशीच राहिली, डबाही तसाच राहिला. खरखर मात्र होती. आधीच्या वर्षांचं कुंकू आत शिल्लक होतं.

मी तोवर निवृत्त झालो होतो. संध्याकाळी वायर लावायचो, नॉब फिरवायचो, डबा खर्रर्र करायचा आणि मी ओरडायचो, "परत नॉबला लावलंस ना?" मला वेडबिड लागलेलं नव्हतं. आत कुणी नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. पण दिवसभरात माझ्या तोंडून निघणारं ते एवढं एकच वाक्य असायचं. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो. मुलगी पुण्याहून फोन करते तेव्हा तीच बोलते, मी हं हं करतो.

पार्टीवाल्यांनी बेसची वायर थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये घालायला सुरुवात केली तेव्हा मला सांगितलं, "काका, डबा नका आणू, टेम्पोत जागा नाय." मग हळूहळू मलाही बोलावणं बंद झालं. कीबोर्डवाल्याचा डावा हातच आता बेस वाजवतो. मला राग आला, आणि तो मी डब्यावर काढला. मुलगीही म्हणत होती, "बाबा, विकून टाका ना तो, हॉल मोकळा होईल." हॉल आणखी किती मोकळा व्हायचा राहिला होता ते तिलाच माहीत. पण रागाच्या भरात मी फोटो काढले आणि मोबाइलवर जाहिरात टाकून दिली.

लोक काय एकेक विचारतात! यावर कराओके होतं का? गणपतीच्या मंडपात चालेल का? एकाने तर ब्लूटूथ नाही म्हटल्यावर माझ्याच अकलेची कीव केली. शेवटी उरणजवळच्या करंजाहून एक जण आला. पस्तिशीचा असेल, दिवसा होडीवर आणि लग्नांत तिथल्या बेंजो पार्टीत बेसवर. येताना आपली गिटार घेऊन आला होता. बोटं जाळी ओढून राठ झालेली, पण तारेवर अशी पडत होती की मला हेवा वाटला.

या घरात दुसऱ्या कुणी बेस वाजवलेला मी कधी ऐकला नव्हता. ऐकता ऐकता मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो, तिच्या जागेवर. तिथून नुसत्या बेसवरून गाणं ओळखणं खरंच अवघड होतं. मी दोनदा चुकलो.

त्याने नॉब फिरवला. खर्रर्र. वाक्य माझ्या ओठावर आलं, ते गिळलं.

"काका, आवाज एक नंबर हाय," तो म्हणाला. "पन ही खरखर नाय चालनार. तेवढी साफ करून द्या, रविवारी घेऊन जातो."

बायकोचं कुंकू आहे, असं कसं सांगणार? जुन्या ॲम्पच्या सौद्यात असलं काही बसत नाही. "धूळ आहे," मी म्हटलं. "साफ करून ठेवतो."

तो गेल्यावर जाहिरात काढून टाकावी असं वाटलं. पण शब्द दिला होता, आणि तो खरा वाजवणारा होता. माझ्याकडे डबा नुसता कुढत पडला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र अंथरलं, मागची फळी उघडली आणि नॉब ओढून काढला. खाली दांडीभोवती कुंकवाचं कडं जमलं होतं, तेलकट, घट्ट. त्यात एक अक्षत अडकलेली होती. मी कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला आणि दांडी इकडून तिकडे फिरवत राहिलो. लाल पाणी ओघळलं. जुन्या बनियनने ते टिपून घेतलं. पुसता पुसता मला रडू फुटलं आणि मी ते थांबवायच्या भानगडीत पडलो नाही.

संध्याकाळी वायर लावली. नॉब फिरवला. काही नाही. आवाज लोण्यासारखा वर आला. माझं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात लक्षात आलं की आता ओरडायला कारणच उरलेलं नाही. मी नॉब चारपाच वेळा फिरवून पाहिला. मग वायर काढली आणि वाजवलंच नाही.

रविवारी तो टेम्पो करून बायकोला घेऊन आला. पळस्प्याला ट्रॅफिक लागला म्हणून दोघं घामाघूम. तिने माझ्यासाठी सुक्या बोंबलांची पिशवी आणली होती. नॉब फिरवून बघताच तो खूष झाला. "बघ, आता कसा गप्प हाय," त्याने बायकोला सांगितलं.

ती स्वयंपाकघराकडे बघत होती. "काकी नाय का घरी?"

"नाही, ती वारली," मी म्हटलं.

ती देव्हाऱ्याकडे बघून म्हणाली, "काका, हलदकुंकू हाय का? आमी नवीन वस्तू अशीच नाय नेत."

मी करंडा काढून दिला. ती गेल्यापासून कुणी उघडलेलाच नव्हता, कुंकू आत ढेकूळ होऊन बसलं होतं. त्याच्या बायकोने ते नखाने फोडलं, बोट बुडवलं, आणि ते बोट सरळ नॉबकडे गेलं.

"नॉबला नको!"

मी ओरडलो. अगदी पूर्वीसारखा, पूर्ण आवाजात. तिचा हात दचकून मागे आला. तिचा नवरा डब्याची वायर गुंडाळत होता, तोही बघत राहिला.

"खरखर होते मग," मी हळू म्हटलं.

"बरं काका," ती म्हणाली, आणि वरच्या लाकडावर मधोमध नीट हळद लावली, तिच्याशेजारी कुंकू लावलं. नॉबला बोटही लावलं नाही. मग दोघांनी मिळून डबा उचलला आणि एकेक पायरी थांबत खाली नेला. मी गॅलरीतून टेम्पो वळेपर्यंत बघत राहिलो.

संध्याकाळी सवयीने गिटार मांडीवर घेतली. वायर लावायला समोर काही नव्हतं. टीव्हीशेजारी फरशीवर डब्याचा चौकोन तेवढा स्वच्छ दिसत होता. मी तशीच तार छेडली, जेमतेम मलाच ऐकू येईल एवढी. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हटलं, "बघ, त्या पोरीनं एका सांगण्यात ऐकलं."