ब्रह्मदेशाचा हिरवा

कुणाच्याही अंगावर हिरवं काही दिसलं की काका त्याची बाही चिमटीत धरायचे, कापड उजेडाकडे वळवायचे आणि म्हणायचे, "हा हिरवा नव्हे." माझ्या कुर्तीला म्हणाले, ऑफिसातल्या सिक्युरिटी गार्डच्या जॅकेटला इंग्रजीत म्हणाले. गार्ड बिचारा सॉरी म्हणाला.

अमेरिकेत, कॅरी गावात आमची अपार्टमेंट्स समोरासमोर आणि ऑफिस एकच, म्हणून आम्ही कारपूल करायचो. काका जुन्या मेनफ्रेम कॉम्प्युटरवाले, पन्नाशी उलटलेले, साताऱ्याकडचे. बाकी आम्ही सगळे पंचविशी-तिशीतले, त्यामुळे ते सगळ्यांचेच काका. परदेशातल्या मराठी वस्तीत असे एक काका असतातच, तुम्हीही पाहिले असतील. कुणाला नाट्यगीतांचं वेड, कुणाला शेअर्सचं. आमच्या काकांना ब्रिटिश फौजेच्या जंगलातल्या गणवेशाचं.

कारण त्यांचे वडील. दुसऱ्या महायुद्धात ते इंग्रजांच्या फौजेतून ब्रह्मदेशात लढले होते. "बाबांनी लढाई कधीच सांगितली नाही," काका गाडी चालवता चालवता सांगत. "कपडे सांगितले. आधी खाकी होती. जंगलात ती लांबून दिसते, म्हणून तीच हिरव्या रंगात बुडवून दिली. पावसात रंग सुटला आणि अख्ख्या पलटणीच्या मांड्या हिरव्या झाल्या." मग स्वतःच हसायचे. पाण्याच्या बाटलीला जाड लोकरी कव्हर असे, ते ओलं ठेवलं की पाणी गार राही. मलेरियाच्या गोळ्यांनी माणसं पिवळी पडत. मला हे सगळं पाठ झालं. त्या गणवेशातला वडिलांचा फोटो मात्र एकही नव्हता. तो माणूस रांगेत उभा कसा दिसत असेल, हे काकांना एकदा बघायचं होतं, स्वतःच्या अंगाने का होईना.

म्हणून त्यांनी गणवेश जमवला. पट्टे, बाटली, कड मुडपलेली हॅट जुन्या लष्करी सामानाच्या बाजारांतून मिळाली. शर्ट-पँट त्यांनी जुन्या नमुन्यावरून शिवून घेतली आणि काकूंच्या सणावाराच्या पातेल्यात रंगवली. रंग मनासारखा उतरेपर्यंत पातेलं काही स्वयंपाकघरात परत आलं नाही. काकू म्हणायच्या, "या घरात सैपाकसुद्धा लढाईला विचारून करायचा."

तिथल्या मराठी मंडळाच्या स्वातंत्र्यदिनाला हा गणवेश घालून वडिलांबद्दल दोन शब्द बोलावेत, असं काकांच्या मनात आलं. मंडळाचा सेक्रेटरी पुण्याचा, माझ्याच वयाचा. "काका, राग मानू नका," तो म्हणाला, "पण पंधरा ऑगस्टला ब्रिटिशांचा युनिफॉर्म? लोक ऑफेंड होतील. त्यापेक्षा फॅन्सी ड्रेसमध्ये एन्टर करा ना, आपण सीनियर कॅटेगरी ठेवू."

"बरं," काका म्हणाले. परतताना गाडीत म्हणाले, "बाबांनाही गावात हेच ऐकावं लागलं. गोऱ्याची चाकरी केली म्हणून."

मग त्यांना एक अमेरिकन ग्रुप सापडला. सुट्टीच्या दिवशी गणवेश घालून जुनी युद्धं खेळणारी हौशी मंडळी इकडे बरीच आहेत. हा ग्रुप ब्रह्मदेशातले ब्रिटिश व्हायचा. त्यांचा कॅप्टन एक डेंटिस्ट, अगदी मनमिळाऊ. काका त्याला ईमेलवर बटणं, पट्टे, रंगाची कृती, सगळं कळवत राहिले. ग्रुपने त्या कृतीने आपापले कपडे नव्याने रंगवले आणि काकांना पुढच्या लढाईचं आमंत्रण आलं.

मीच त्यांना घेऊन गेले. पाइनच्या झाडांजवळ काका पूर्ण गणवेशात गाडीतून उतरले आणि क्षणभर मला ओळखूच आले नाहीत. पाठ ताठ, पोट आत. डेंटिस्टने त्यांना वरपासून खालपर्यंत निरखलं. "परफेक्ट," म्हणाला. मग घुटमळत म्हणाला, "पण आज जॅपनीज कमी पडतायत. आणि ब्रिटिशांच्या रांगेत तुम्ही दिसलात, तर बघायला आलेले लोक कन्फ्यूज होतील."

काकांनी सांगितलं, त्या फौजेत निम्म्याहून जास्त माणसं आमचीच होती.

"आय नो," डेंटिस्ट म्हणाला. त्याला खरंच माहीत होतं. मला तेच जास्त लागलं.

मी म्हटलं, "काका, चला, घरी जाऊ."

"अगं, आता आलोच आहोत. त्यांची पंचाईत कशाला करायची?"

हा आपला मेला संकोच. दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकलं की नाही म्हणायची जीभच गळून पडते. काकांनी हिरवा शर्ट काढला, घडी घालून माझ्याकडे दिला आणि ग्रुपचा जपानी शर्ट आणि टोपी चढवली.

पहिल्याच फैरीत त्यांनी मरायचं होतं. ते नीट मेले. वाळक्या पानांत पालथे पडून राहिले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोरून बंदुका झाडणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर काकांनी शिकवलेला हिरवा होता. इतका राग मला आयुष्यात क्वचित आला असेल. परतीच्या वाटेवर काका एवढंच बोलले, "रंग मात्र सगळ्यांचा छान उतरलाय."

पुढे काकांचं काम कंपनीने पुण्याच्या ऑफिसला हलवलं आणि काकांना काढलं. व्हिसा नोकरीवरचा, म्हणजे गाशा गुंडाळणं आलंच. जाताना त्यांनी गणवेश डेंटिस्टला देऊन टाकला. मी भांडले त्यांच्याशी. "तिकडे नेऊन कुणाला दाखवू?" म्हणाले. "यांच्यात निदान कुणी घालेल तरी."

काही महिन्यांनी डेंटिस्टने काकांसाठी म्हणून माझ्याकडे एक फोटो पाठवला. ब्रिटिशांची रांग, आणि रांगेच्या मधोमध काकांच्या कपड्यांत एक उंच, गोरा मुलगा. मी फोटो साताऱ्याला पाठवला आणि फोन केला.

"पोरी, बाबा उंच होते," काका म्हणाले. "रांगेत उजव्या टोकाला असायचे. त्या मुलाला टोकाला उभं करायला सांगशील?"

मी हो म्हटलं. त्याच हिवाळ्यात काका गेले. डेंटिस्टचा सांत्वनाचा ईमेल आला, मनापासून लिहिलेला. मी त्याचे आभार मानले. वडील रांगेत कुठे उभे राहायचे, ते मात्र कळवलं नाही. तेवढं तरी आमच्याकडे राहू दे.